काशीत सोडलेला टोमॅटो

२२ सप्टेंबर १९५५

घरात गणपती बसलेत आणि मी आज सियागंजच्या बाजारातून टोमॅटोच्या बियांची पुडी घेऊन आलो. आई असती तर तिनं मला पुडीसकट ओसरीवर झोपवलं असतं. 'आपल्या घरात टोमॅटो चालत नाही' हे तिचं वाक्य मी ती असेपर्यंत ऐकलं. कारण काय, तर कापला की रक्तासारखा दिसतो. मला मात्र तो फार आवडतो. होळकरांच्या बांधकाम खात्यात नकाशे काढत होतो तेव्हा दुपारी डब्यातली पोळी आणि कुणीतरी आणलेला टोमॅटो, वर मीठ, हे माझं खरं जेवण. घरी यायच्या आधी चूळ भरून यायचो.

काल मोठ्या दवाखान्यात हिचं रक्त पुन्हा तपासलं. उन्हाळ्यापासून इंदुमती अशी पांढरी पडत चालली आहे की कुंकू लावलं की तेवढंच डोळ्यांत भरतं. डॉक्टर म्हणाले, रक्त नीट तयारच होत नाही. सुया चालू ठेवा, पालेभाजी द्या, टोमॅटोचा रस द्या, पण ताजा. मी म्हटलं, बाजारातला ताजा कुठला, नाल्याच्या पाण्यावर वाढलेला; मी परसात लावतो.

"लावा, लावा," डॉक्टर म्हणाले. "जरूर लावा. तुमचाही वेळ चांगला जाईल."

पेन्शनर दिसला की जो तो त्याला वेळ घालवायचे उपाय सांगतो. फळ हाती यायला डिसेंबर उजाडेल म्हटलं, तर ते नुसतं "डिसेंबर" म्हणाले, थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

२३ सप्टेंबर

नवीनच भानगड. मी हिला पुडी दाखवली तर म्हणते, "मला नाही चालणार. मी काशीत टोमॅटो सोडलाय."

मी हे साफ विसरलो होतो. काशीला गेलं की गंगेत उभं राहून एक आवडती भाजी किंवा फळ जन्माचं सोडायचं, असा रिवाज. मी रिटायर झालो त्या वर्षी आमच्या रामबाग वस्तीतली मंडळी मिळून गेलो होतो. शेजारच्या चारुलताबाईंनी आंबा सोडला, आणि तेव्हापासून दर मे महिन्यात त्यांचा चेहरा बघवत नाही. हिनं सोडला टोमॅटो! जो आमच्या घरात कधी आला नाही आणि हिनं कधी जिभेला लावला नाही. मी घाटावर हसलो होतो. म्हटलं, वा, फार मोठा त्याग! तीही हसली होती. "गंगामाईला काय ठाऊक, आमच्या घरी काय चालतं," म्हणाली होती.

आज हसली नाही. "आवडतं सोडायचं तर मी न चाखलेलंच सोडलं. ठकवलं मी तिला. आता ती म्हणून राहिली, बरं बाई, सोडलास ना? मग सोड."

"गंगा काही म्हणून नाही राहिली. हे डॉक्टर म्हणतात."

"एकदा ठकवलं तेवढं पुरे झालं हो. दुसऱ्यांदा नाही होणार माझ्याकडून."

औषधाला दोष नसतो, हे मी तिला तीन तऱ्हांनी सांगितलं. ती नुसती मान हलवत राहिली. शेवटी मी ताट सारून उठलो. बिया मात्र कुंडीत पेरल्या. बायको हट्टी असली म्हणून बियांनी काय पाप केलंय?

१४ ऑक्टोबर

रोपं चांगली बोटभर झाली. सकाळी कुंडी उन्हात, दुपारी सावलीत, असं त्यांचं सगळं मी करतो. ही खाटेवरून बघते आणि म्हणते, "मंजिरी तान्ही होती तेव्हा एवढं केलं असतंत तर!"

वर्तमानपत्रात एकच विषय. मध्यभारत मोडून सगळ्यांचं मिळून एक मोठं राज्य होणार म्हणे, आणि राजधानी कुठं यावर आतापासूनच हमरीतुमरी. आमचे जावई प्रतापराव सचिवालयात. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. कपाटं, फायली, कारकून, त्यांच्या बायका, सगळं आगगाडीनं इकडून तिकडे. लोक या कारभाराला हसतात, पण त्यापायी दर एप्रिलात मुलगी इंदूरला यायची. ती सोय आता बंद होणार. हिला सांगितलं तर म्हणाली, "येता एप्रिल तर आहे ना? बस झाला."

३० ऑक्टोबर

परसात वाफे केले. दोरी बांधून, गुण्यानं काटकोन तपासून. मोलकरीण गंगूबाई भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, "साब, टमाटर लगई रिया हो के सड़क बणई रिया हो?" इतकी वर्षं कागदावर रेघा मारल्या, त्या आता मातीत मारायला काय हरकत आहे? रोपं एका रेषेत लागली की मला बरं वाटतं.

ही दसऱ्याला सोनं वाटायला उठली होती. दारापर्यंत गेली आणि चौकटीला धरून उभी राहिली. मी म्हटलं, घाई करतेस तू. हळू चालावं.

२१ नोव्हेंबर

दिवाळी झाली. फराळ या वर्षी गंगूबाईनं केला आणि हिनं पाटावर बसून हुकूम सोडले. चकल्या कडक झाल्या. मी तसं म्हणालो, तर दोघी माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी दुसरी घेतली.

हिची खाट मागच्या खोलीत खिडकीशी हलवली. तिथून सगळे वाफे दिसतात. झाडांना पिवळी फुलं आली आहेत. बांबूच्या काड्या रोवून सुतळीनं बांधली, वर राख भुरभुरली. खिडकीतून आवाज आला, "अगदी कवायतीला उभी केलीत! फुलं तरी जरा इकडेतिकडे येऊ द्या."

एवढं बोलून तिला दम लागला. पण बोलली हे महत्त्वाचं. महिन्याभरापूर्वी एवढंही बोलत नव्हती, असं मला वाटतं.

४ डिसेंबर

हिरवी फळं धरली. आता मात्र मी गप्प बसणार नाही असं ठरवून पांडुरंगशास्त्र्यांकडे गेलो. लग्नं-मुंजी त्यांनीच लावल्या आहेत, आमचं घर ते ओळखून आहेत. सगळं ऐकून ते आधी पोट धरून हसले, मग एकदम गंभीर झाले.

"वहिनी फार आजारी आहेत काय?"

"अशक्तपणा आहे," मी म्हटलं.

"हं." ते म्हणाले, "नेम घेतलेल्याला झेपत नसेल तर नवऱ्यानं बायकोचा, मुलानं बापाचा पुढे चालवायचा, असं शास्त्र आहे. प्रतिनिधी म्हणतात. तुम्ही टोमॅटो सोडा, त्यांचा सुटला."

हे मला अगदी पटलं. एका खांबावरचा भार दुसऱ्या खांबावर.

"तुम्हाला आवडतो का पण?" त्यांनी विचारलं.

"फार."

"मग उत्तम. निदान या खेपेला गंगेला खरं काहीतरी मिळेल!"

८ डिसेंबर

आज संकल्प झाला. शास्त्रीबुवा घरी आले. काशीहून आणलेला गंगेचा गडू देवघरात आहे, तोंडाला डाख लावून बंद केलेला. म्हटलं, तोच फोडू, खरी गंगाच हातावर घेऊ. ही खाटेवरून म्हणाली, "तो नका फोडू. तो नंतर लागेल." नंतर कशाला लागणार आहे? बायकांना वस्तू जपून ठेवायची भारी हौस. शेवटी नळाच्या पाण्यातच गंगेला बोलावलं आणि मी उदक सोडलं. या जन्मी टोमॅटो खाणार नाही.

हिनं शास्त्रीबुवांना विचारलं, "यांनी घेतलं म्हणजे माझं सुटलं का?"

"सुटलं. तुमची इच्छा असेल तर आता खुशाल खा."

"इच्छा असेल तर ना?"

"हो हो, तुमच्या इच्छेवर आहे."

तिनं हात जोडले. मला फार हलकं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तिच्याशी जिंकलो आहे.

२७ डिसेंबर

पहिला टोमॅटो पिकला. तोडताना देठापाशी तो जो हिरवट वास येतो तो हाताला लागला आणि तोंडाला पाणी सुटलं. गिळलं. धुऊन, त्याच्या चार फोडी करून, मीठ आणि किंचित साखर घालून वाटी तिच्या हातात दिली आणि समोर बसलो.

ती वाटीकडे बघत राहिली. "किती लाल आहे हो! आत्याबाईंनी बघितला असता तर?" आत्याबाई म्हणजे माझी आई.

"खा."

"तुम्ही असे डोळ्यांत तेल घालून बघत बसलात तर घास उतरेल का माझा? जा, झाडांना पाणी घाला."

मी गेलो. परत आलो तर वाटी रिकामी! विचारलं, कसा होता? म्हणाली, "वास फार सुरेख आहे." मी तिथंच खाटेवर बसलो आणि मला रडू आलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात गार होता, थंडी आहेच.

१० जानेवारी १९५६

दोन दिवस माळव्यात कडाक्याची थंडी. सांवेरकडे हरभऱ्यावर पाला पडला, दव गोठून पीक जळलं, असं दूधवाला सांगत होता. दिवे लागायच्या आत झाडं झाकायला हवी होती आणि घरातली पोती पुरेनात. मग माळ्यावरचे माझे जुने नकाशे काढले. मेणकापडासारख्या कापडावर शाईनं काढलेले, नदीवरच्या एका पुलाचे. पूल झालाच नाही. आधी संस्थान गेलं. ती कापडं काड्यांवर ताणली, खाली दगड ठेवले.

खिडकीतून ही म्हणाली, "शेवटी तुमचा पूल कामी आला."

सकाळी सगळी झाडं जिवंत होती. मी तिला ओरडून सांगितलं. उत्तर आलं नाही. झोपली होती. आताशा ती उशिरापर्यंत झोपते. झोप लागते हे चांगलं लक्षण आहे.

१५ जानेवारी

रोज दोन वाट्या जातात, सकाळी एक, दुपारी एक. मला बाहेर पिटाळते आणि खाते. संक्रांतीला हलव्याऐवजी गल्लीत टोमॅटो वाटले. मी कुणाला तिळगूळ दिला की लोक म्हणत, "भिया, टमाटर किधर है?" चारुलताबाई म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एकही नाही चाखला? मला विचारा काय होतं ते." मी म्हटलं, वहिनी, तुमचा मे महिना माझ्या जानेवारीत आला.

गंगूबाईचं काय बिनसलंय कळत नाही. माजघर झाडायला सांगितलं तर कपाळाला आठ्या, आणि हिच्या खिडकीखालची माती मात्र न सांगता रोज सकाळी झाडते. म्हटलं, तिथं काय सोनं सांडलंय? म्हणाली, चिडकल्या, म्हणजे चिमण्या, घाण करतात.

३ फेब्रुवारी

आज एक मौज झाली. खिडकीखाली, भिंतीला लागून, जिथं मोरीचं पाणी वाहतं तिथं टोमॅटोची बारीक रोपं उगवली आहेत! मी पेरली नाहीत. पाखरांनी माझी फळं खाऊन बिया टाकल्या असणार. हिला बोलावून दाखवणार होतो, पण उठून वाकणं तिला जमलं नाही. नुसतं सांगितलं. ती घाईनं म्हणाली, "उपटून टाका ना. कशाला तिथं अडचण?"

मी कसला उपटतोय! तिथं दुपारचं ऊन नाही. बाकीची झाडं उन्हाळ्यानं गेली तरी ही तग धरतील. तुला मे महिन्यातसुद्धा टोमॅटो मिळेल म्हटलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

१६ फेब्रुवारी

मंजिरी ग्वाल्हेरहून आली, एकटीच, कळवल्याशिवाय. सरकारला इंदूरला यायला अजून वेळ आहे, आणि ही नवऱ्याला तिथं सोडून आली. विचारलं तर म्हणे, "सहज आले अण्णा." आईच्या खाटेशी बसली ती उठलीच नाही. दोघींचं काय एवढं बोलणं चाललं होतं कोण जाणे. मी वाटी घेऊन गेलो की गप्प.

मंजिरीनं मला विचारलं, "डॉक्टर काय म्हणून राहिले?" मी म्हटलं, सुया चालू आहेत, टोमॅटो चालू आहेत. ती "बरं" म्हणाली.

२७ फेब्रुवारी

फार चांगली बातमी. डॉक्टर घरी येऊन गेले. पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, आणि म्हणाले, "सुया आता बंद करू. त्यांना उगीच त्रास नको. पथ्यबिथ्यही राहू द्या. त्यांना जे हवं ते खाऊ द्या."

पथ्य उठलं! इतक्या महिन्यांनी. मी डॉक्टरांना पिशवीभर टोमॅटो दिले. म्हटलं, हे सगळं यांचं काम. ते पिशवी हातात धरून थोडे उभे राहिले, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेले.

मंजिरी मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली होती. पाण्याची नासाडी करू नये, एवढं तरी तिला कळायला हवं.

९ मार्च

हिला काही खावंसं वाटत नाही. डॉक्टरांनी मोकळीक दिली तर हिची भूकच गेली. गंगूबाई सराफ्यातून रबडी घेऊन आली, ती चमचाभर घेतली. टोमॅटोची वाटी मात्र मागते. "आणा," म्हणते, "आणि तुम्ही पाणी घालायला जा." आज मला यायला उशीर झाला तर वाटी तशीच उशाशी होती, हात त्यावर. म्हणाली, "आज हात नाही उचलला गेला हो. राग नका धरू."

झाडंही थकली आहेत. खालची पानं पिवळी पडून गळताहेत, फळं बारीक. ऊन वाढलं.

मला भीती वाटते आहे. हे मी आज पहिल्यांदा लिहितो.

१४ मार्च

दुपारी बोलावून म्हणाली, "इकडे बसा. आज पाणी नका घालू."

बसलो.

"तुम्ही माझ्यासाठी सोडलात ते मनापासून सोडलंत ना?"

"हो."

"जबरन नाही?"

"नाही गं."

"मग झालं. तुम्ही खरे निघालात. पहिल्यापासून तुम्हीच खरे."

तिला काय म्हणायचं होतं मला कळलं नाही. ग्लानीत असेल.

१८ मार्च

आज सकाळी ही गेली.

गडू मीच फोडायला घेतला. डाख निघेना. शेवटी मंजिरीनं सांडशीनं उघडला. पाणी तोंडात घातलं. आत गेलं की बाहेर ओघळलं ते कळलं नाही. 'नंतर लागेल' म्हणाली होती.

३१ मार्च

बारावं-तेरावं झालं. आज रंगपंचमी. राजवाड्याकडून गेरचा, रंगाच्या मिरवणुकीचा, गलका इथपर्यंत येतो आहे. आमच्या दारावर कुणी रंग टाकला नाही; गल्लीतली पोरं एकमेकांना दटावत आमच्या घरासमोरून गुपचूप गेली. मंजिरी दार लावायला गेली तर मी म्हटलं, राहू दे उघडं. तिला आवाज आवडायचा.

खिडकीशी खाट नाही. खोली एवढी मोठी होती हे ध्यानात नव्हतं.

१९ एप्रिल

आज वाफे मोडले. झाडं काडीसारखी वाळली होती. सुतळ्या सोडल्या, बांबू जुडी करून ठेवले. शेवटची फळं, सुरकुतलेली, गंगूबाईला दिली. ती घेईना. म्हणाली, नको साब. इतकी वर्षं या घरचं उरलंसुरलं नेते आणि आज नको! नंतर घेऊन गेली, पण डोळ्याला पदर लावून.

सरकार इंदूरला आलं. प्रतापरावही आले. मंजिरी म्हणते, "अण्णा, आम्ही पावसाळ्यापर्यंत इथंच आहोत." पुढच्या वर्षी कुठली राजधानी आणि कुठलं काय. ही म्हणाली होती, येता एप्रिल आहे ना, बस झाला. तेवढाही तिला मिळाला नाही.

१२ मे

खिडकीखालची झाडं जगली. बाकी परस भाजून निघालं, पण तिथं भिंतीची सावली आणि मोरीचं पाणी आहे. आज त्यांवर फळं लाल झालेली दिसली. बारीक आहेत, पण लाल. मी वाकून बघत होतो आणि माझ्या मनात सहज आलं, किती सरळ रेषेत आहेत!

मी लावलेली असती तर नवल नव्हतं. पण मी लावली नाहीत. पाखरं रेषेत पेरत नाहीत. पाखरू इथं टाकेल, तिथं टाकेल, वाफ्यात टाकेल, तुळशीत टाकेल. ही सगळी खिडकीच्या पहिल्या गजापासून शेवटच्या गजापर्यंत, तेवढीच. गजांच्या पलीकडे एक नाही. माझा जन्म रेषा बघण्यात गेला, आणि फेब्रुवारीपासून ही रेषा माझ्या डोळ्यांसमोर होती.

गंगूबाईला हाक मारली. ती आली, झाडांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसली.

"बईसाब ने कसम दिलई थी, साब. केती थी, साब से मत कीजो."

"एकही नाही खाल्ला?"

"एक बी नी. आप पाणी देवा जाता, तो वी खिड़की से एक-एक फांक नीचे डालती. आधी चिड़कली लई जाती, आधी म्हूं सबेरे झाड़ू से समेटती."

गंगूबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पण पेलां फांक नाक से लगाती, साब. घणी देर तक. केती, गंगू, वास कितरी अच्छी है."

मला राग आला. आयुष्यात कुणाचा आला नव्हता एवढा. एक झाड मुळासकट उपटलं आणि भिरकावलं. फळं मातीत लोळली. मग गंगूबाईच्या देखत ते उचललं, परत लावलं, पाणी घातलं. ते जगणार नाही.

१३ मे

सकाळीच डॉक्टरांकडे गेलो. विचारलं, खाल्ले असते तर? ते आधी टाळत होते. मी हललो नाही.

"नाही," ते म्हणाले. "टोमॅटोनं काही होणार नव्हतं. मला सप्टेंबरातच दिसलं होतं. मी तुम्हाला सांगायला तोंड उघडलं, तेव्हा तुम्ही डिसेंबर म्हणालात."

"तिला ठाऊक होतं?"

"त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुम्ही बाहेर टांगा बघायला गेला होतात तेव्हा."

घरी चालत आलो. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला, मंजिरीला, शास्त्रीबुवांनाही बहुतेक. मी एकटा दोरी आणि गुण्या घेऊन परसात फिरत होतो, आणि सगळ्यांनी मला फिरू दिलं.

दिवसभर आठवत होतो, ती खोटं कधी बोलली ते. चव कशी म्हणून मी रोज विचारायचो. गोड आहे, आंबट आहे, असं ती एकदाही म्हणाली नाही. वास सुरेख आहे, एवढंच म्हणायची. गंगेला तिनं एकदा ठकवलं होतं, दुसऱ्यांदा ठकवलं नाही. ठकायला मी होतो, आणि मी आनंदानं ठकलो. रिकामी वाटी बघून मला जो आनंद व्हायचा तो तिला खाटेवरून दिसायचा. तिला तेवढंच हवं होतं, दुसरं काही नाही, हे आज मला कळतं.

मला तिची फार आठवण येते.

१४ मे

खिडकीखालची फळं उतरवली. टोपलीत ठेवली आणि ओसरीवर बसलो. पिकलेल्या फळाचा वास उन्हानं आणखी येतो. एक उचलून नाकाशी धरला, तिनं धरला असेल तसा. खरंच सुरेख आहे.

कुंपणापलीकडून चारुलताबाई बघत होत्या. त्यांच्या घरी आंब्याची आढी लागली असणार, वास येत होता, आणि त्या नेहमीच्या मे महिन्याच्या चेहऱ्यानं उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, रागावू नका, एक सांगू? तुम्ही तिच्यासाठी सोडला होतात. आता कुणासाठी? एक खाऊन तर बघा. शास्त्रीबुवाही नाही म्हणायचे नाहीत."

मी टोपली उचलून कुंपणावरून त्यांच्या हातात दिली, सगळीच्या सगळी.

"घ्या वहिनी," मी म्हटलं. "आमच्या घरात टोमॅटो चालत नाही."